कैफियत कोणापाशी मांडावी?

शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद काढलेला असे आणि त्याखाली, पुंकेसर व स्त्रीकेसर ही दोन्ही अंगे एकाच फुलात असल्यामुळे हे फूल उभयलिंगी होय, असे वाक्य असे. पुढे गांडुळाच्या वाट्यालाही तेच विशेषण येई. मराठी वाचकाची या शब्दाशी ओळख होते ती अशी, फुलाच्या आणि कृमीच्या मार्फत, आणि म्हणूनच पुढे कधी एखादा शिकलासवरलेला, नोकरीधंद्यातला माणूस 'मी उभयलिंगी आहे' असे म्हणाला, तर ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते शरीररचनेचे असते, मनाच्या ओढीचे नसते. कोणी त्याला तृतीयपंथी समजून बसतो, कोणी एखादी ग्रंथी बिघडली असावी असा तर्क करतो. हा दोष केवळ मराठीचा नव्हे. इंग्रजीतला 'बायसेक्शुअल' हा शब्दही आधी वनस्पतिशास्त्रातच रुळलेला होता आणि माणसाच्या आकर्षणासंबंधी तो वापरला जाऊ लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

या प्रकरणात मी 'उभयलैंगिक' हा शब्द योजतो आहे, आणि त्याचा अर्थ इतकाच की ज्या व्यक्तीला एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी प्रेम वा आकर्षण वाटू शकते ती. दोन्ही ओढी तराजूत तोलल्याप्रमाणे समसमान असाव्यात, एकाच काळी असाव्यात किंवा एकाच प्रकारच्या असाव्यात, अशी अट त्यात नाही. बोलताना मात्र ही मंडळी स्वतःला सरळ 'बाय' म्हणतात, आणि त्या दोन अक्षरांत त्यांचे काही अडते असे मला तरी दिसलेले नाही.

अशा माणसाला मानसोपचाराची गरज पडते ती बहुधा त्याच्या उभयलैंगिकतेमुळे नव्हेच. वडील गेल्यापासून मन कशात रमत नाही, कचेरीतल्या साहेबाच्या जाचाने झोप उडाली आहे, मूल होत नाही म्हणून घरात धुसफूस आहे, अशीच इतर चारचौघांसारखी कारणे असतात. परंतु एकदा थेरपिस्टपुढच्या खुर्चीत बसले की आपल्या आयुष्याचा कोणता भाग सांगावा आणि कोणता झाकून ठेवावा हा हिशेब सुरू होतो, आणि अर्धेच सांगितले तर उपचार अर्ध्याच माणसावर होतो. तालुक्याच्या गावी शिक्षक असलेला, पस्तिशीचा, पत्नीवर मनापासून प्रेम करणारा आणि तरीही वसतिगृहातल्या एका मित्राची आठवण आली की दिवसभर अस्वस्थ होणारा एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. त्याने ही गोष्ट सांगितली की पहिला थेरपिस्ट म्हणतो, 'लग्न झालंय ना तुमचं, मग आता कशाला उकरून काढता?' दुसरा अधिक पुढारलेला असतो. तो हळुवारपणे सुचवतो की तुम्ही मुळात समलैंगिकच आहात, लग्न हा केवळ मुखवटा आहे, आणि धीर करून सत्याला सामोरे जायला हवे. तिसरा उघड काही बोलत नाही, पण पुढच्या भेटीत पत्नीशी असलेल्या एकनिष्ठतेविषयी अशा काही बारीक चौकशा करतो की आपण उपचाराला आलो आहोत की जाबजबाबाला, असा प्रश्न त्या शिक्षकाला पडावा.

या तिघांपैकी पहिला ओळखायला सोपा. त्याच्याकडून माणूस उठून जातो आणि पुन्हा फिरकत नाही. धोका आहे तो दुसऱ्यापासून, कारण त्याच्या बोलण्यात तिरस्कार नसतो, सहानुभूती असते. तो समलैंगिकतेचा सन्मान करतो आणि त्या सन्मानाच्या भरात समोरच्या माणसाचे म्हणणे मात्र खोटे ठरवतो. पत्नीवरचे प्रेम खरे आणि मित्राविषयीची ओढही खरी, या दोन विधानांमध्ये 'किंवा' घातल्यावाचून त्याला चैन पडत नाही. उभयलैंगिक व्यक्तीने थेरपिस्ट शोधताना पाहायचे ते मुख्यतः हेच, की हा मनुष्य आपल्याकडे निकाल मागतो की आपली कैफियत ऐकतो.

हा अविश्वास किती दूरवर पोचतो याची कल्पना अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीवरून यावी. आपल्या आयुष्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या माणसांना आपली लैंगिकता ठाऊक आहे, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण समलैंगिक पुरुषांत ७७ टक्के आणि समलैंगिक स्त्रियांत ७१ टक्के निघाले. उभयलैंगिकांत ते २८ टक्के होते. त्याच पाहणीत, जे उभयलैंगिक स्थिर नात्यात होते त्यांपैकी ८४ टक्क्यांचे जोडीदार भिन्नलिंगी होते. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला या संसारात काही निराळे दिसण्याचे कारणच नाही, आणि जे दिसत नाही ते नाहीच असे धरून चालण्याची खोड थेरपिस्टलाही असतेच.

मराठी साहित्यात या स्थितीचे एक विलक्षण चित्र, लेखकाच्या मनात तसा हेतू असो वा नसो, सचिन कुंडलकर यांच्या २००६ च्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीत उमटले आहे. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण येतो; घरातला मुलगा त्याच्या प्रेमात पडतो आणि मुलगीही पडते; मग तो निघून जातो. कादंबरीचे दोन भाग आहेत, एक भावाचा आणि एक बहिणीचा, आणि दोघेही आपापल्या परीने त्या तरुणाविषयी बोलत राहतात. त्या तरुणाला नाव नाही, आणि त्याचे स्वतःचे निवेदनही नाही. कलाकृती म्हणून हे मौन तिचे बलस्थान असेल. पण उपचाराच्या खोलीत नेमके हेच घडते तेव्हा त्या मौनाला बलस्थान म्हणता येत नाही. दोन बाजूंनी दोन साक्षी नोंदवल्या जातात आणि ज्याची गोष्ट आहे त्याची जबानी राहूनच जाते.

वैद्यकशास्त्राचा या विषयातला पूर्वेतिहास फारसा अभिमानास्पद नाही. फ्रॉइडने १९०५ मध्येच मानवी मनाची मूळ घडण उभयलैंगिक असते अशी उपपत्ती मांडली होती, पण सगळ्यांचेच मूळ तसे म्हटल्यावर प्रौढ वयात तसे असणारा मनुष्य वाढ खुंटलेला ठरला, आणि त्या शिक्क्याचा परिणाम पुढे अनेक दशके टिकला. आल्फ्रेड किन्सी या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९४८ च्या ग्रंथात शून्यापासून सहापर्यंतची एक मोजपट्टी मांडून दाखवले, की माणसांची विभागणी दोन कोठ्यांत होत नाही, ती एका सलग रेषेवर पसरलेली असतात. व्हिएन्नात जन्मलेले आणि अमेरिकेत मानसोपचार करणारे फ्रिट्झ क्लाइन यांना हीही पट्टी अपुरी वाटली. १९७८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी आकर्षण, प्रत्यक्ष वर्तन, कल्पनारंजन, भावनिक ओढ, सामाजिक सहवास, जीवनपद्धती आणि स्वतःची ओळख असे सात रकाने पाडले आणि प्रत्येक रकान्यात भूतकाळ, वर्तमान आणि आदर्श अशा तीन नोंदी करायला सांगितल्या. एकवीस चौकोनांचा हा तक्ता आज कोणी शास्त्रप्रमाण मानून भरून घेत नसेलही, परंतु ज्या थेरपिस्टला हे सात रकाने निराळे असू शकतात एवढे ठाऊक आहे, तो त्या शिक्षकाला 'नक्की कोण आहात तुम्ही?' असे पहिल्याच भेटीत विचारणार नाही.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेचे नाव विकारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. परंतु दप्तरातून नाव काढले तरी पोटनोंद शिल्लक राहावी तसे काहीसे झाले. आपली लैंगिकता स्वतःलाच नकोशी वाटणे या निदानाला त्या संघटनेच्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत स्थान होते, आणि तिथे उभयलैंगिकतेसाठी निराळा उपक्रमांकही होता. समाजाने ज्याला हीन ठरवले त्याला स्वतःविषयी नकोसे वाटले तर त्यात नवल ते काय, आणि विकार मानायचा तर कोणाचा, हा साधा प्रश्न विचारला जाऊन ती नोंद पुसली जायला २०१९ साल उजाडले. अकरावी आवृत्ती अमलात आली ती १ जानेवारी २०२२ पासून.

आपल्याकडची हकीकत सांगताना एक योगायोग नजरेआड करवत नाही. १९८२ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात समलैंगिकतेवर वर्तन-परिवर्तनाने करायच्या उपचारांविषयी मुंबईच्या डॉक्टरांचा लेख छापून आला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅलन मॅलियन या मानसशास्त्रज्ञाने, बिघाड रुग्णाच्या आकर्षणात नसून समाजाकडून त्याने आत शोषून घेतलेल्या तिरस्कारात आहे, अशी भूमिका घेऊन तिला 'अफर्मेटिव्ह' असे नाव दिले. आज थेरपिस्टच्या पाटीवर वा परिचयपत्रात 'क्वीअर अफर्मेटिव्ह' (क्वीअर म्हणजे रूढ लैंगिक चौकटीत न बसणारे) असे शब्द दिसतात त्यांचे मूळ तेथे आहे. 'सकारात्मक' हे 'अफर्मेटिव्ह'चे भाषांतर मला गुळचट वाटते. 'स्वीकारशील' त्यातल्या त्यात बरे. या स्वीकारात कौतुक अभिप्रेत नाही. समोरच्याची लैंगिकता हा निसर्गातल्या अनेक प्रकारांपैकी एक प्रकार आहे असे गृहीत धरून, तिच्यापायी त्याला घरात, शाळेत, कायद्यात जे सोसावे लागले त्याचा हिशेब उपचारात घेणे, असा त्याचा अर्थ आहे.

कायद्याची बाजू अलीकडे पुष्कळ भक्कम झाली आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ चा फास प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांपुरता सोडवला, त्याच वर्षी भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नव्हे असे जाहीर केले, आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही त्याच वर्षी अमलात आला. त्या कायद्याच्या कलम १८ मध्ये ज्या कारणांवरून उपचारात भेदभाव करण्यास मनाई आहे त्यांत लैंगिक कल हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. कलम ३ अन्वये समाजात प्रचलित असलेल्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम २३ गोपनीयतेचे आणि कलम २५ आपल्या उपचाराची कागदपत्रे पाहण्याचे.

कायदा आणि व्यवहार यांत मात्र अंतर असते, आणि त्या अंतरात माणसे बळी जातात. मे २०२० मध्ये केरळमधली एकवीस वर्षांची एक उभयलैंगिक विद्यार्थिनी गोव्यात मृतावस्थेत आढळली; घरच्यांनी आपल्याला बळजबरीने उपचारकेंद्रांत ठेवून औषधे दिली, असे तिने त्यापूर्वी स्वतःच चित्रफितीद्वारे सांगितलेले होते. पुढच्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणींनी पोलीस संरक्षणासाठी अर्ज केला तेव्हा न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी जे केले ते आपल्या न्यायालयीन इतिहासात दुर्मीळ आहे. हा विषय आपल्याला पुरेसा उमगलेला नाही असे त्यांनी उघड नमूद केले, एका मानसशास्त्रज्ञापुढे शिकण्यासाठी बसले, आणि मग ७ जून २०२१ रोजी लैंगिकता 'पालटण्याच्या' उपचारांना मनाई करणारा आदेश दिला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. आणि त्याच आयोगाच्या २०२४ च्या अभ्यासक्रमात स्त्री-समलैंगिकता 'अनैसर्गिक गुन्ह्यां'च्या यादीत पुन्हा अवतरली, ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत मागेही घेतली गेली. तेव्हा डॉक्टर नवा आहे की जुना, एवढ्यावरून काही अनुमान काढू नये. न्यायमूर्तींना जे करावेसे वाटले ते आपल्या थेरपिस्टने कधी केले आहे काय, हे विचारावे.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. पाटीवरच्या पदव्यांचा थोडा खुलासा हवा. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे वैद्यक शिकलेला, औषधे लिहून देण्याचा अधिकार असलेला मानसोपचारतज्ज्ञ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती पडताळून पाहण्यास कोणाचीच हरकत नसावी. समुपदेशक वा काउन्सेलर ही पाटी मात्र दीर्घकाळ कोणीही लावू शकत असे, त्यामुळे तेथे शिक्षण कोठे झाले आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केले, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. पदवी मोठी म्हणून दृष्टी मोठी असे मात्र नाही. केतकी रानडे यांनी मुंबई-पुण्याकडच्या तज्ज्ञांच्या मुलाखती घेऊन २००९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लैंगिकता पालटण्याचे प्रयोग करणारे लोक चांगले पदवीधरच होते.

त्याच रानडे यांनी श्रुती चक्रवर्ती यांच्यासह २०१३ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून समलैंगिकांच्या समुपदेशनाची प्रशिक्षणपुस्तिका तयार केली, आणि २०१९ मध्ये मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेने व्यवसायातल्या थेरपिस्टांसाठी क्वीअर अफर्मेटिव्ह समुपदेशनाचा अभ्यासक्रम सुरू केला, जो शिकवणारी मंडळी स्वतः क्वीअर आहेत. तो पुरा केलेल्यांकडून शोधाला सुरुवात करणे सोयीचे. काही दिवसांच्या वर्गाने जन्माचे संस्कार धुऊन निघत नाहीत हे खरे, तरी त्या वर्गात बसावेसे वाटले, एवढी नोंद त्या माणसाच्या बाजूने पडते. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापलेला समपथिक ट्रस्ट, आणि १९९५ मध्ये स्त्री संगम या नावाने सुरू झालेली, आज लाबिया म्हणून ओळखली जाणारी संघटना, यांच्या ओळखीपाळखीतून मिळालेले नाव बहुधा जाहिरातीतल्या नावापेक्षा विश्वासार्ह निघते. लाबियाच्या नावात तर समलैंगिक स्त्रियांच्या बरोबरीने उभयलैंगिक स्त्रियाही आरंभापासून गृहीत आहेत. रात्री-अपरात्री कोणाशी बोलल्यावाचून राहवत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते. पण ती तातडीची सोय झाली, दीर्घ उपचाराचा पर्याय नव्हे.

नाव हाती आले की पहिला फोन करावा, आणि तो पंधरा मिनिटांचा फोन ही परीक्षा आपली नसून त्यांची आहे हे ध्यानात ठेवावे. 'तुम्ही एलजीबीटी लोकांबरोबर काम करता का?' या प्रश्नाला हल्ली सगळेच होय म्हणतात, त्यातून काही निष्पन्न होत नाही. त्यापेक्षा, 'बाय असलेल्या लोकांबरोबर काम केलं आहे का, आणि त्यात तुम्हाला काय नवं शिकायला मिळालं?' असे विचारून गप्प राहावे. जो लगेच 'मी सगळ्यांना सारखंच वागवतो' म्हणतो त्याचा हेतू शुद्ध असेल, पण सारखेच वागवण्यासाठी तो आधी कोणता साचा हातात धरतो, हे त्याने सांगितलेले नसते. 'फार जणांबरोबर नाही, पण वाचते आहे, आणि चुकले तर सांगा' असे म्हणणारी बाई कमी अनुभवी असूनही मला अधिक भरवशाची वाटते. लग्न झालेले असल्यास तेही फोनवरच सांगून टाकावे, आणि त्यानंतर आवाजाचा सूर बदलतो का याकडे कान द्यावा.

लहान गावात ही सगळी चैनच म्हणायची. तेथे एकच डॉक्टर असतो आणि तो मामांचा वर्गमित्र असतो. इंटरनेटवरून सेशन घेण्याची सोय झाली तेव्हा अशा लोकांना मोठाच दिलासा मिळाला, जरी दोन खोल्यांच्या घरात बोलायचे कोठून हा प्रश्न उरतोच. गच्ची, उभी केलेली मोटार, सुटीच्या दिवशी रिकामी असलेली शाळेची खोली, असे नाना मार्ग माणसे काढतात. एका गोष्टीत मात्र तडजोड करू नये. 'घरच्यांना एकदा बोलावून घेऊ या' हे वाक्य तुमच्या संमतीवाचून उच्चारले गेले, तर ती खुर्ची सोडून उठण्याची वेळ आली असे समजावे. दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही म्हणून दुसरीकडे जाण्याने कोणाचा अपमान होत नाही. थेरपिस्टला त्याची सवय असते, आणि नसेल तर ती त्याने लावून घ्यावी.

मराठीत असल्या शंका मोकळेपणाने विचारण्याची एक परंपरा होती, हे आपण विसरून गेलो आहोत. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात, १९२७ पासून १९५३ पर्यंत, वाचक आपल्या लैंगिक जीवनाविषयीचे प्रश्न पाठवत आणि संपादक त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. या उत्तरांपायीच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, मासिक चालूच राहिले. त्या पत्रलेखकांना उत्तर देणारा मनुष्य तिरसट होता म्हणतात, पण तो प्रश्न विचारणाऱ्याचे चारित्र्य तपासत बसत नसे.

आपल्या शिक्षकाला असा कोणी भेटला तर पहिल्या भेटीत काय घडावे? तो सगळे मराठीत सांगेल, पत्नीविषयी, शाळेविषयी, वसतिगृहातल्या त्या पावसाळ्याविषयी, आणि एका ठिकाणी येऊन त्याची जीभ अडेल, कारण पाठ्यपुस्तकातला शब्द फुलाचा आहे आणि गावातले शब्द शिवीचे आहेत. तेथे समोरच्या बाईंनी स्वतःचा शब्द पुढे सरकवू नये. 'तुम्ही स्वतःसाठी कोणता शब्द वापरता?' असे विचारून थांबावे, आणि तो 'बाय' म्हणाला तर 'बाय', 'मला अजून शब्द नाही' म्हणाला तर तेच वाक्य, केस पेपरवर जसेच्या तसे लिहून घ्यावे, आणि मग विचारावे, 'बरं, झोप कधीपासून येत नाही?'